इंग्रजी धावते, मराठी चालते

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला आहेत, असं विचारलं की बहुतेक जण एखादा भारदस्त, लांबलचक शब्द आठवू लागतात. उत्तर मात्र पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असलेलं आहे: रन. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत या शब्दाच्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगवेगळे नोंदवलेले आहेत. नामाचा हिशेब निराळाच. क्रिकेटमधला रन, बँकेत पैसे काढायला उडालेली झुंबड, बायकांच्या लांब मोज्यांत सुटलेली धाग्याची रेघ, हे सगळं त्या दुसऱ्या खात्यात जमा होतं.

पीटर गिलिव्हर या कोशकारानं ही नोंद नव्यानं तयार केली. त्याला नऊ महिने लागले. लेखक सायमन विंचेस्टर यांनी २०११ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये ही हकिकत लिहिली आणि ६४५ हा आकडा जगभर पसरला. तोवर अर्थांच्या संख्येत पहिला नंबर कुणाचा, तर 'सेट' या शब्दाचा, असंच लोक सांगत. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० अर्थ होते आणि ते मांडायला साठ हजार शब्द खर्ची पडले होते. पुढे कोशाची फेरमांडणी सुरू झाली, तेव्हा आधी 'मेक', मग 'पुट' आणि शेवटी 'रन' पुढे निघून गेला.

हा कोश अर्थ मोजतो कसे, ते कळल्याशिवाय या आकड्याला काही वजन येत नाही. १८५७ साली रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत इंग्रजी कोशांच्या उणिवांवर व्याख्यानं दिली, तिथून या कामाची सुरुवात झाली. १८७९ पासून संपादकपद जेम्स मरे यांच्याकडे आलं. त्यांनी घराच्या आवारात पत्र्याची एक शेड उभारली, तिला 'स्क्रिप्टोरियम' असं जडशीळ नाव दिलं आणि लोकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्द कुठे कसा आला आहे ते वाक्यासकट कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून पाठवा. अशा सुमारे ५० लाख चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग १८८४ साली निघाला आणि कोश पूर्ण झाला १९२८ साली. मरे १९१५ मध्येच गेले होते.

या कोशाचा नियम कोर्टासारखा आहे: पुरावा नाही तर अर्थ नाही. प्रत्येक अर्थाखाली तारीखवार अवतरणं लागतात. त्यातलं सर्वांत जुनं कोणतं, ते सांगावं लागतं. म्हणजे ६४५ अर्थ म्हणजे पुराव्यानिशी लावलेल्या ६४५ फायली. नऊ महिने कमीच म्हणायचे. ट्रेंच यांनी लंडनमध्ये तक्रार मांडली त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली होती, सुमारे साठ हजार शब्दांची. मराठी शास्त्रीपंडितांची फौज हाताशी धरून केलेलं ते काम आजही उघडलं तर थक्क व्हायला होतं. पण ते असो.

रनलाच एवढे अर्थ का चिकटले? एक कारण त्याच्या जन्मातच आहे. जर्मनिक भाषांच्या घराण्यातला हा शब्द माणसाच्या धावण्याला आणि पाण्याच्या वाहण्याला पहिल्यापासून सारखाच लागू होता. जर्मन भाषेनं पुढे दोन क्रियापदं केली, माणसाचं 'रेनेन' आणि पाण्याचं 'रिनेन'. इंग्रजीत मात्र जुना इंग्रजी शब्द आणि व्हायकिंग लोकांनी आणलेला त्याचा नॉर्स भाऊबंद एकमेकांत मिसळले आणि दोन्ही कामं एकाच शब्दाच्या गळ्यात पडली. त्यामुळे इंग्रजीत नदी रन होते, नळ रन होतो, सर्दीत नाक रन होतं, धुताना कपड्याचा रंग रन होतो. यात कोणाचेही पाय हलत नाहीत.

दुसरं कारण यंत्रांचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गिरण्या, आगगाड्या आणि वाफेची इंजिनं आली. चालू यंत्राला काय म्हणायचं हा प्रश्न पडला तेव्हा नवा शब्द घडवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, हाताशी होता तो जुंपला. मग यंत्र रन होतं म्हणून कारखाना रन करता आला, कारखाना करता आला म्हणून दुकान, शाळा, सरकार. शेवटी संगणक आला आणि प्रोग्रॅमही रन होऊ लागला. एका अर्थाचा हात धरून दुसरा येतो तो असा. हा क्रम पाहिला की ६४५ चा आकडा जादूचा वाटत नाही, वंशावळीचा वाटतो.

आता गंमत मराठीची. इंग्रजी जिथे जिथे धावते, तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. इंजिन चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं, सिनेमा चालतो आणि नशीब असेल तर पंचवीस आठवडे चालतो. संस्था चालवतात, खटला चालतो, टीव्हीवाले बातमीसुद्धा चालवतात. एवढं करून आपण 'चालेल' म्हणून संमती देतो आणि एखाद्याकडे भुवई उंचावून 'चालू आहे तो' असं प्रमाणपत्रही देतो. नाक, नळ, नदी यांचं काम आपल्याकडे 'वाहणे' करतं. रंग 'जातो'. रस्ता नदीच्या कडेनं 'जातो', कागदपत्राची मुदत 'असते', बिल 'चढतं', ताप 'भरतो', साखर 'संपते', धोका 'पत्करतात' आणि मधुमेह घराण्यात 'असतो'. या सगळ्यांसाठी इंग्रजीत एकच शब्द पुरतो. म्हणून शाळेतल्या शब्दार्थाच्या वहीत 'रन म्हणजे धावणे' असं लिहून घेतलेला विद्यार्थी पुढे इंग्रजी वर्तमानपत्र उघडतो तेव्हा पानोपानी ठेचकाळतो.

रेल्वेच्या बाबतीत मात्र आपणही धावतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, असंच सगळीकडे छापलेलं असतं. आजही फलाटावरचा आवाज गाड्या उशिरानं 'धावत' असल्याचंच सांगतो. वीस मिनिटं उशीर झालेली गाडी धावते आहे हे ऐकायला जरा उद्धट वाटतं, पण उद्घोषकाचा इलाज नसतो. हा इंग्रजी वेळापत्रकांच्या सहवासाचा परिणाम असावा, असं माझं मत. कारण तीच गाडी प्रवाशाच्या तोंडी 'सुटते', 'लागते', 'येते', 'जाते'. धावते ती फक्त घोषणेत आणि बातमीत.

निवडणुकीचं पाहा. अमेरिकेतला उमेदवार अध्यक्षपदासाठी रन होतो, ब्रिटनमधला 'स्टँड' होतो, म्हणजे उभा राहतो. आपला उमेदवारही निवडणुकीला 'उभा राहतो', पण तेवढ्यावर आपलं समाधान होत नाही म्हणून निवडणूक 'लढवतो'. अमेरिकी शब्दामागे घोड्यांची शर्यत आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला तिथे 'रनिंग मेट' म्हणतात, आणि हा शब्द मुळात रेसच्या मैदानातला: एकाच तबेल्यातल्या मुख्य घोड्याला वेग यावा म्हणून शर्यतीत सोबत सोडलेला दुसरा घोडा.

अर्थ वाढायचं तिसरं कारण इंग्रजी वाक्याच्या घडणीत आहे. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं ही घडण उलगडून दाखवली. मराठीत मुलगा 'धावत घरात शिरला'. मुख्य क्रियापद शिरण्याचं, म्हणजे वाटचालीचं. कसा शिरला ते 'धावत' हा सोबतचा शब्द सांगतो. इंग्रजीत उलटं: मुख्य क्रियापदच धावण्याचं, आणि आत-बाहेर-वर-खाली सांगायला 'इनटू', 'आउट', 'अप', 'डाउन' असे छोटे शेपटीशब्द. हे शेपटीशब्द मग आपापले संसार थाटतात.

एकच जोडी जवळून पाहू: 'रन इनटू'. मुलगा घरात रन इनटू झाला तर तो धावत शिरला. मोटार खांबात रन इनटू झाली तर आदळली. बाजारात जुन्या मित्राला रन इनटू झालात तर तो अवचित भेटला. आणि लग्नाचा खर्च लाखांत रन इनटू झाला तर तो लाखांच्या घरात गेला. 'रन डाउन'मध्ये गाडीनं माणूस उडवला जातो, बॅटरी उतरते, शेजाऱ्याची निंदा होते आणि वाडा मोडकळीला येतो. 'रन अप' तर क्रिकेटवाल्यांना गोलंदाजाचा म्हणून माहीत आहे, पण उधारी साचवणं, झेंडा सरसर वर चढवणं आणि शिवणयंत्रावर घाईघाईनं एखादा फ्रॉक शिवून काढणं हेही त्यातच बसतं.

समानार्थी शब्दांकडे वळलं की चित्र पालटतं. इथे अर्थ एक आणि शब्द ढीगभर. पण खरोखर एकमेकांच्या जागी चालतील असे त्यात फार थोडे. सकाळी बागेत सावकाश ठरावीक लयीत धावणं म्हणजे जॉग. शंभर मीटर जीव तोडून धावणं म्हणजे स्प्रिंट. घोड्याची दुडकी चाल ती ट्रॉट, चौखूर उधळण ती गॅलप. लहानसं अंतर झटकन कापणं डॅश, घाबरून एकदम सुसाट सुटणं बोल्ट, मांजराच्या पिलानं किंवा पोरानं टुणटुणत पळणं स्कॅम्पर, जीव वाचवायला पळणं फ्ली. कोश या सगळ्यांपुढे 'टू रन' एवढंच म्हणून मोकळा झाला तर विद्यार्थ्यानं समजायचं काय? परीक्षेच्या तयारीसाठी समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करण्याची जी पद्धत आहे, ती मला म्हणूनच निरुपयोगी वाटते. आजोबा बागेत 'बोल्ट' करून आले असं लिहिणारा विद्यार्थी त्या याद्यांतूनच तयार होतो.

मराठीत हे बारकावे क्रियापदाबाहेर राहतात. मूल दुडुदुडु धावतं, मुंगी तुरुतुरु पळते, रिक्षा भरधाव जाते. पळून जाण्याचं म्हणाल तर आपली श्रीमंती इंग्रजीला हार जाणारी नाही: पळ काढणे, धूम ठोकणे, पोबारा करणे, सूंबाल्या करणे, आणि सभ्य माणसानं सभ्यपणे करायचं असेल तर काढता पाय घेणे. धावणे आणि पळणे यांतही फरक आहे, तो आपण न शिकवता पाळतो. माणूस मदतीला धावून जातो, चोर पळून जातो. मदतीला पळून गेला म्हटलं तर मदतीचं काय झालं असेल ते सांगायला नको.

रनचे, मुळानं नव्हे पण अर्थानं, आणखी काही नातलग आपल्या रोजच्या बोलण्यात वेष पालटून वावरतात. धावण्यासाठी लॅटिनमध्ये 'कुरेरे' असं क्रियापद होतं. त्यापासून निघालेले शब्द फ्रेंचच्या वाटेनं किंवा थेट इंग्रजीत गेले आणि तिथून आपल्याकडे आले: तारेतून धावतो तो करंट, पत्र घेऊन धावतो तो कुरिअर, धावत जायची जागा तो कॉरिडॉर, पडद्यावर धावतो तो कर्सर, आणि वर्षभर विद्यार्थ्यांना धावायला लावतो तो कोर्स. बँकेतलं करंट अकाउंट म्हणजे धावतं खातं. मराठीनं त्याचं काय केलं? चालू खातं. पुन्हा चाललोच आपण.

क्रिकेटच्या रनमध्ये अर्थ कसा सरकतो ते फार स्वच्छ दिसतं. आधी रन म्हणजे २२ यार्डांच्या खेळपट्टीवर या टोकाहून त्या टोकाला प्रत्यक्ष धावणं. मग त्या धावण्याबद्दल मिळणारा गुण म्हणजे रन. मग चेंडू सीमापार गेला की जागच्या जागी उभं राहून चार मिळू लागले, तरी नाव रनच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. त्यांत ४९ चौकार आणि एक षटकार होता, म्हणजे २०२ धावा सीमारेषेपलीकडून आल्या आणि उरलेल्या २४१ पायांनी काढल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना काठेवाडच्या कप्तानानं सामना सोडून दिला. निंबाळकरांच्या त्या डावात शब्दाचे दोन्ही अर्थ जवळजवळ निम्मेनिम्मे आहेत.

मराठीनं या रनची 'धाव' केली, धावसंख्या, धावफलक, धावबाद असे नेटके शब्द घडवले आणि ते रुळलेही. पण आपल्या 'धाव'लाही आधीपासून स्वतःचा संसार होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात तीही धाव. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. आणि संकटात देवाला मारलेली हाक म्हणजे धावा. शेवटच्या षटकात वीस धावा हव्या असल्या की प्रेक्षक नेमका तोच करतात.

रन मूळ रूपातही मराठीत कामाला लागला आहे, विशेषतः कारागिरांच्या तोंडी. स्वयंपाकघराचा ओटा करून घ्यायला निघालात तर मिस्त्री दर सांगतो तो 'रनिंग फुटाला'. म्हणजे फक्त लांबी मोजायची, रुंदी धरायची नाही. ओटा दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असेल तर रनिंग फुटात तो दहा भरतो, चौरस फुटात वीस. दर ऐकून खूश होण्याआधी किंवा भडकण्याआधी माप कोणतं ते विचारावं, आणि रनिंग असेल तर रुंदी किती धरली आहे तेही. सरकारी ठेकेदाराला अंतिम बिलाआधी झालेल्या कामापुरते पैसे मिळतात ते 'रनिंग बिल'. रेल्वेत गाडीवर जाणारे चालक आणि गार्ड म्हणजे 'रनिंग स्टाफ', आणि हे रनिंगवाले जिथे पाठ टेकतात ती 'रनिंग रूम'. मुंबईकर तर सुटलेली लोकल 'रनिंगमध्ये' पकडतो. पकडू नये.

एवढे अर्थ एका शब्दात खरोखरच असतात का, ही शंका रास्त आहे. कोशकारांत दोन तऱ्हा असतात. काही जण जवळचे अर्थ एका मोळीत बांधतात, काही जण केसाचा भेद दिसला तरी दोन नोंदी करतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा कल दुसरीकडे आहे, कारण त्याला प्रत्येक वळणाची तारीख हवी असते. टेबलावरच्या लहान कोशात हाच रन पन्नासाच्या आत आटोपतो आणि कोणाचं काही अडत नाही. तेव्हा ६४५ हा आकडा हिमालयाच्या उंचीसारखा मोजून घेतलेला नव्हे, तो मोजणाऱ्याच्या चाळणीवर ठरतो. पण क्रम मात्र कोणत्याही चाळणीतून असाच निघतो: साधे, तोंडातले, रोजचे शब्द वर आणि पंडिती शब्द खाली. जॉर्ज किंग्स्ले झिफ या अमेरिकी अभ्यासकानं १९४५ साली याचा हिशेबच मांडला. शब्द जितका जास्त वापरला जातो, तितके त्याचे अर्थ जास्त. आणि अर्थांची संख्या साधारणपणे वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

आपल्या परंपरेला यात नवल वाटायचं कारण नाही. अमरसिंह या संस्कृत कोशकारानं समानार्थी शब्दांचा कोश रचला तो रचलाच, शिवाय अनेकार्थी शब्दांसाठी 'नानार्थवर्ग' वेगळा काढला. त्यात एकट्या 'हरि'खाली विष्णू, इंद्र, सूर्य, चंद्र, यम, वारा, सिंह आणि घोडा यांच्या पंगतीला पोपट, साप, माकड आणि बेडूकही बसले आहेत.

मराठीत रनचा जोडीदार शोधायचा तर तो 'चालणे' हाच. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट उघडतात. एकदा 'चालणे' शोधून पाहा. तिथे नसलेला, पण तुमच्या घरी किंवा गावी चालणारा एखादा अर्थ सापडला, तर मरेंच्या वाचकांसारखं करा: ज्या वाक्यात तो ऐकला ते वाक्य, गाव आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.